लिंबाखालचा गुरुवार

परवा चर्चच्या महिला मंडळाचा निरोप मोबाइलवर आला. ‘ताई, उपवासकाळातले बुधवार ठरले आहेत. विश्वास, संयम, सहनशीलता, क्षमा, प्रीती. सहनशीलतेवर नेहमीप्रमाणे तुम्ही बोलाल.’ खाली जोडलेले हात आणि एक पिवळं फूल. मी चष्मा काढून ठेवला. नेहमीप्रमाणे! आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, सोसण्याचा विषय निघाला की माझं नाव निघतं, हे आता इतकं पक्कं झालंय की मला कुणी विचारतही नाही.

बाहेर उन्हानं डोळे वटारायला सुरुवात केली आहे. बीडच्या आमच्या गल्लीतून सकाळपासून कडब्यानं लादलेले दोन ट्रॅक्टर गेले. वळणावर विजेच्या खांबाला घासून थोडा कडबा खाली सांडला, तो समोरच्या घरातल्या बाईनं लगबगीनं गोळा करून शेळीपुढे टाकला. कडब्याचा तो कोरडा, गोडसर वास पार माझ्या स्वयंपाकघरापर्यंत आला. या वासानं लोकांना सुगी आठवते, परीक्षा आठवतात, लग्नसराई आठवते. मला रतन आठवते. माझी धाकटी बहीण. मग त्या दिवशी माझ्या हातून कुठलंही काम धड होत नाही.

आमच्याकडे उपवासकाळ आणि ज्वारीची काढणी एकाच वेळी दारात येतात. पुनरुत्थानाच्या सणाआधीचे, ईस्टरआधीचे ते चाळीस दिवस. लहानपणी आम्ही बीडजवळच्या पालीला राहायचो. वडिलांना आम्ही दादा म्हणत असू. ते उपदेशक होते, म्हणजे सायकलवर आसपासच्या खेड्यांत फिरून प्रार्थना घेणारे, आजाऱ्याच्या उशाशी बसणारे. या चाळीस दिवसांत घरातल्या प्रत्येकानं आपल्या आवडीची एक गोष्ट सोडायची, असा त्यांचा दंडक होता. दादा स्वतः चहा सोडायचे. आई मिश्री सोडायची आणि चाळीस दिवस सगळ्यांवर करवादायची. मी काय सोडलं ते वहीत लिहून ठेवायचे आणि पाळायचे. एकदाही चुकले नाही. रतन माझ्याहून सहा वर्षांनी लहान. एका वर्षी तिनं मोठ्या तोऱ्यात गूळ सोडला आणि तिसऱ्याच दिवशी कणगीमागे गालात खडा धरून सापडली.

“देव बघायलाय की गं!” मी ओरडले.

“बघू दे,” ती तोंडातल्या तोंडात म्हणाली. “त्यानंच केलाय गूळ.”

दादा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मला ते हसणं मुळीच आवडलं नाही. नियम पाळणारी मी, आणि कौतुक हिचं. ही माझी तक्रार पुढे पन्नास वर्षं टिकली.

संध्याकाळी दादा आम्हाला बिंदुसरेच्या धरणाकडे फिरायला न्यायचे. वाटेत दोन्ही अंगांना ज्वारी उभी असायची. एकदा एका कणसावर हात फिरवत ते म्हणाले, “ह्या पिकाला पाऊस नसतो बघा. जमिनीतली ओल अन् थंडीतलं दव, तेवढ्यावर उभं ऱ्हातं. मानसाचं बी तसंच पायजे. वरून काई न्हाई आलं तरी आतली ओल धरून ऱ्हायचं.” मी त्यातलं धरून राहायचं तेवढं उचललं. ओलीचं काय, याचा विचार फार उशिरा केला.

पुढे मी शिक्षिका झाले, बीडला आले. लग्न केलं नाही. रतन लग्न होऊन दिंद्रुडला गेली. थोडी शेती, नवऱ्याचं शिलाईचं दुकान आणि एक मुलगी, एस्तेर. शाळेच्या सुट्ट्यांत मायलेकी माझ्याकडे यायच्या आणि माझं लावून ठेवलेलं घर दोन तासांत विस्कटून टाकायच्या. त्या गेल्या की मी पुन्हा सगळं जागच्या जागी ठेवायचे आणि मग ते घर मला खायला उठायचं. हे मी रतनला कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

आता त्या गुरुवारबद्दल सांगते. उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या संध्याकाळी आमच्याकडे प्रभुभोजन असतं; येशूच्या आठवणीत सगळ्यांनी एकाच भाकरीचा तुकडा घ्यायचा. मनात कुणाबद्दल अढी ठेवून त्या भाकरीला हात लावायचा नाही, ही जुनी शिकवण. म्हणून त्या दिवशी चार वाजल्यापासून माणसं चर्चच्या आवारातल्या कडुलिंबाच्या झाडाखाली जमतात. ज्याचं ज्याच्याशी बिनसलंय तो त्याच्यापुढे जाऊन उभा राहतो आणि म्हणतो, “चुकलं असंल तर पोटात घाला.” समोरचा त्याचे हात हातात घेतो. संपलं. कल्पना किती सुंदर! पण माणसं ती माणसंच. होता होता असं झालं की लोक वर्षभर भांडण सांभाळून ठेवायला लागले. ‘गुरुवारी मिटवू की’ असं खुशाल म्हणायचे, दाढी रविवारी करू म्हणावं तसं. आमच्यातले दोन म्हातारे बांधावरच्या बोरीवरून दर पावसाळ्यात भांडायचे, दर गुरुवारी लिंबाखाली गळ्यात पडून रडायचे आणि सण झाल्यावर सोमवारी पुन्हा सुरू. आम्ही सगळे त्यांना हसायचो. मी तर फार हसायचे.

आई शेवटची चार वर्षं माझ्याकडे होती. तिचं सगळं मी केलं. अंथरुणातलं, औषधाचं, भरवण्याचं. शेवटच्या उन्हाळ्यात तिनं एकच गोष्ट लावून धरली होती. “मला आठ दिस रतनीकडं ने. तिच्या खळ्यावर बसायचंय.” मी म्हणाले, ऊन आहे, रस्ता खराब आहे, तिकडं डॉक्टर नाही. पाऊस झाला की जाऊ. पावसाच्या तोंडावर आई गेली.

मूठमाती देऊन सगळे मागे सरले आणि रतन तिथेच खाली बसली. अख्ख्या मंडळीसमोर माझ्याकडे बघून रडत म्हणाली, “आक्का, तू आईला कावून येऊ दिलं न्हाईस गं? आठच दिस मागितलेवते तिनं. आठच दिस!”

कुणीतरी तिला उठवलं. मी पाठ फिरवली. घरी आले, आईचं अंथरूण धुऊन वाळत घातलं, आणि त्या दिवसापासून रतनशी बोलणं टाकलं. टाकलं म्हणजे तसं नाही. फोन न उचलणं माझ्या शिस्तीत बसत नव्हतं. उचलायचे आणि म्हणायचे, “बरी आहे. जेवले. ठेवते.” दहा महिने. भांडले नाही, आवाज चढवला नाही, कुणाजवळ तिच्याविषयी वाकडं बोलले नाही. लोक म्हणाले, बाई किती सोसतात. मलाही वाटलं, मी सोसतेय. माझ्या मनाची दारं-खिडक्या घट्ट लावून मी आत बसले होते आणि त्यालाच सहनशीलता म्हणत होते.

आता लिहायलाच बसले आहे तर खरं लिहिते. ऊन, रस्ता, डॉक्टर, ही सगळी सांगायची कारणं होती. मला भीती वाटली होती. आई तिकडे रमेल, रतनच्या त्या गोंधळलेल्या, हसऱ्या घरात तिला बरं वाटेल आणि ती पुन्हा माझ्याकडे यायचं नाव काढणार नाही, ही भीती. रतन जे बोलली ते खरं होतं, म्हणून तर इतकं लागलं.

झावळ्यांच्या रविवारच्या, म्हणजे त्या गुरुवारआधीच्या रविवारच्या, आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, तिचा फोन आला. पुढच्या बुधवारी महिला मंडळात मला बोलायचं होतं. विषय अर्थातच सहनशीलता. समोर वही होती, वचनांवर खुणा केलेल्या होत्या, पेन्सिलीला टोक काढलेलं होतं.

“आक्का,” ती म्हणाली, “मी आज येऊ का? आत्ताच्या गाडीनं निघते. लई आठवन यायलीय तुजी.”

तिचा आवाज लहानपणीसारखा होता, काहीतरी मागताना व्हायचा तसा. ये म्हणायचं होतं. दहा महिन्यांत मला दुसरं काही नकोच होतं. आणि मी म्हणाले, “गुरुवारी ये. मंडळीसमोर बोललीस ना? मग मंडळीसमोर मिटव. चार वाजता, लिंबाखाली.”

ती म्हणाली, “बरं आक्का. तसं तर तसं.” मी फोन ठेवला आणि वहीत पुढचा मुद्दा लिहिला. काय लिहिलं ते मला आजही पाठ आहे. इथे लिहायची हिंमत नाही.

खोटं कशाला बोलू, मला त्या गुरुवारची ओढ लागली होती. पांढरी साडी काढून ठेवली होती. ती सगळ्यांसमोर माझ्यापुढे येईल, मी तिचे हात हातात घेईन, लोकांचे डोळे भरून येतील, असं मी मनात कितीदा तरी पाहिलं. क्षमा करायची होतीच मला. पण ती चांगली दिसेल अशी करायची होती.

सोमवारी दुपारी दाजींचा, रतनच्या नवऱ्याचा, फोन आला. रतन शेतात ज्वारीची कणसं मोडत होती. चक्कर येऊन पडली. माजलगावच्या दवाखान्यात नेईपर्यंत वाटेतच सगळं आटोपलं होतं.

दिंद्रुडला पोचले तेव्हा तिच्या केसांत ज्वारीचा कोंडा तसाच होता. मी तो एकेक करून काढला. बायका म्हणाल्या, राहू द्या बाई, चला, उशीर व्हायलाय. मी ऐकलं नाही. चौदा वर्षांची एस्तेर भिंतीला टेकून माझ्याकडे बघत होती. रडत नव्हती, नुसती बघत होती. मला वाटलं, धक्का बसलाय पोरीला.

गुरुवारी मी चर्चला गेले. का गेले, सांगता येत नाही. चार वाजता लिंबाखाली जाऊन उभी राहिले. त्या दिवसांत लिंब मोहरलेला असतो, सगळीकडे बारीक पांढरी फुलं पडलेली असतात. लोक एकमेकांचे हात धरत होते. ते दोघे म्हातारे गळ्यात पडून रडले. माझ्यापुढे यायला कुणी नव्हतं. एक वयस्कर बाई जवळ आली, माझा हात धरून म्हणाली, “बाई, आदी आई गेली, आता बहीन. किती सोसताव तुमी!” त्या क्षणी मी खरं सांगायला हवं होतं. माझं तोंड उघडलं नाही. भाकरीचं ताट माझ्यापर्यंत आलं तेव्हा मी ते तसंच पुढे दिलं. सगळ्यांना वाटलं, दुःखात आहे.

या गोष्टीला सहा वर्षं झाली. संकटानं माणूस वाढतो, असं व्यासपीठावरून मीही पुष्कळदा सांगितलंय. त्यानंतर दर वर्षी सहनशीलतेवर बोलले, लोकांनी वाखाणलंही. पण आत काय चाललं होतं ते माझं मला ठाऊक. दोन वर्षं मला प्रार्थनाच करता आली नाही. डोळे मिटले की फोन कानाला लावलेली मी दिसायचे. मग एका सकाळी दादांचं ते ओलीबद्दलचं बोलणं आठवलं आणि मी भाजी निवडता निवडता हमसून रडले, आईच्या मागे पहिल्यांदाच. त्यानंतर थोडा फरक पडला. फार नाही. आता कुणाशी बिनसलं तर मी त्याच संध्याकाळी त्याच्या दारात जाते. चप्पल घालताना पाय अजून जड होतात. मागच्या महिन्यात दूधवाल्याशी उगाच ताडकन बोलले आणि त्याच्या मागे गल्लीच्या टोकापर्यंत धावले. तो बिचारा घाबरला, त्याला वाटलं दूध फाटलं. इतकीच माझी वाढ. सद्गुण म्हणजे एकामागून एक पास व्हायच्या इयत्ता आहेत, असं मला वाटायचं, मास्तरीण ना मी. तसं काही नाही. विश्वास काय, धीर काय, प्रीती काय, रोज सकाळी कोऱ्या पाटीपासून सुरू करावं लागतं.

आणि एवढं सगळं करून एका दारात मी गेलेच नव्हते. एस्तेरच्या.

ती आता अंबाजोगाईला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. सुट्टी लागली की आधी माझ्याकडे येते, मग दिंद्रुडला. माझं बीपी तपासते, औषधाच्या डब्या लावते, माझ्यावर ओरडते. दरवेळी ती आली की मी ठरवते आज सांगू, आणि दरवेळी ती हसते आणि माझा धीर जातो. रतनची एवढीच खूण माझ्याजवळ उरली आहे. सांगितलं आणि ही पोर उठून गेली तर?

काल शनिवारी ती आली. मी तिला महिला मंडळाचा निरोप दाखवला. म्हणाली, “मग? बोलायचं की. तुज्यापेक्षा चांगलं कोन बोलनार?” ती तव्यावर भाकरी टाकत होती. पाठ माझ्याकडे होती, रतनसारखीच किंचित वाकलेली. मला ते सहन झालं नाही. मी तिथेच पाटावर बसून सगळं सांगून टाकलं. आईचे आठ दिवस, माझी भीती, शनिवारचा फोन, मी काय म्हणाले ते, शब्द न् शब्द.

तिनं भाकरी उलटली.

“मला म्हाईतय मावशी,” ती म्हणाली. “फोन स्पीकरवर होता. मी शेजारीच बसलेवते.”

मी विचारलं, “रडली का गं ती?”

“न्हाई. आई म्हनली, आक्काचं खरं हाय, लोकांपुढं बोलले तर लोकांपुढंच मिटवाया पायजे.” ती माझ्याकडे वळली. पुढचं सांगावं की नको, असं तिच्या तोंडावर दिसलं. “गुरुवारी मोकळं व्हायचं म्हनून तिनं ज्वारीची घाई केली. बाबा म्हनले, चार दिसानं मोडू कणसं, काई पळून जायली न्हाईत. ती म्हनली, न्हाई, मला आक्काकडं जायचंय. त्या दिवशी दुपारची भाकर खायाबी बांधावर आली न्हाई.”

सहा वर्षं मला वाटत होतं की माझ्या त्या एका वाक्यानं माझी बहीण मला भेटायची राहिली. त्या वाक्यानं तिला उन्हात उभं केलं होतं, हे मला ठाऊक नव्हतं. या पोरीला ठाऊक होतं. चौदाव्या वर्षापासून.

“हे माहीत असून तू माझ्याकडं येत राहिलीस?”

“पैल्या वर्षी आलेच न्हाई की मी. बाबा दोनदा निघालेवते मला घेऊन, मी स्टँडवरून माघारी पळाले.” तिनं तवा उतरवला. “मग आले.”

मी उठले. तिच्यापुढे जाऊन उभी राहिले. “चुकलं माझं एस्तेर,” म्हणाले, “मला माफ कर.”

पिठानं भरलेले हात तिनं तसेच पुढे केले आणि माझे हात धरले. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज स्थिर होता.

“आईच्या वाट्याचं मी कसं करू मावशी? ते मला न्हाई करता येत. माज्या वाट्याचं कवाच केलंय.”